लाइनवाला आत्माराम

आत्मारामचा उजवा हात आता कोपराच्या खाली नाही. तो कसा गेला हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर मात्र वेगळंच लिहिलेलं आहे. ते तसं लिहिलं जाण्यात वाडीतल्या प्रत्येकाचा वाटा आहे, माझाही.

पूर्णगडच्या रस्त्याला लागून, खाडीच्या वरच्या अंगाला आमची पंचवीस-तीस घरांची वाडी. मी इथे लग्न होऊन आले ती संगमेश्वरची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. कॉलेजात आमच्या बाईंनी एकदा जाडजूड डिक्शनरी वर्गात आणली होती आणि 'लाइन' ह्या एका शब्दाला किती अर्थ, ते वाचायला घेतलं होतं. तास संपला, अर्थ संपले नाहीत. इथे आले तर सासूबाई, ज्यांना स्वतःचं नाव लिहायला येत नव्हतं, त्या शब्दाचा संसार आमच्या बाईंपेक्षा सफाईने चालवत होत्या. "गो, लाइन घालव" म्हणजे पडवीतला दिवा बंद कर. रेशनला लाइन. मुंबईत पोराला नोकरी मिळाली की पोरगा लाइनीला लागला. चिऱ्याचं घर बांधताना गवंडी दोरी ताणून ओरडायचा, "लाइन बघा, लाइन!" नळाची ती लाइन, गटाराची ती लाइन, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात वरून येते तीही लाइनच. ह्या सगळ्यांच्या डोक्यावर ती खांबावरची खरी लाइन, जी पावसाळ्यात दिवसातून चारदा जायची आणि आत्माराम आणेल तेव्हा यायची.

आत्माराम आमच्याच वाडीतला. वायरमनच्या कामावर, पण ठेकेदाराकडून. चौदा वर्षं. कायम नोकरीतल्या लोकांसारखा खाकी शर्ट त्याने स्वतः रत्नागिरीहून शिवून आणला होता, कारण ठेकेदार शर्ट देत नसे आणि शर्टाशिवाय लोक मान देत नसत. त्याचं लग्नही लाइनीवरच जमलं. देवरुखच्या बाजूला एका गावात नवे खांब टाकायचं काम निघालं होतं. सावित्री तिथली. तीन महिन्यांचं काम पाच महिने चाललं.

"काय ओ, एवढे दिवस कसले लागले?" मी एकदा सावित्रीला विचारलं.

"ह्यांना इचारा," ती म्हणाली. "आमच्या घराम्होरचा खांब तीनदा उभा केला नि दोनदा पाडला."

"जमीन कातळाची व्हती," आत्माराम मान खाली घालून म्हणाला.

"कातळाची कसली! आमचा परसू व्हता तो. थयं अळू लावतात."

असा माणूस. बोलणं कमी, काम नीट. वादळाच्या वर्षी अठरा दिवस लाइन नव्हती, तेव्हा तो सकाळी भाकरी बांधून निघायचा तो काळोख पडताना परतायचा. दुसऱ्या वाड्यांत दिवे आले, आमच्या वाडीत शेवटी. लोक त्याच्या घरासमोर उभे राहून बोलायचे. त्याने ऐकून घेतलं. त्याचं घर आमच्याच वाडीत, त्याच्याही घरात काळोखच होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच वर्षी त्याने गंगारामभाऊंना डीपीचा दांडा शिकवला. गंगारामभाऊ पस्तीस वर्षं मुंबईत गोदीत काढून गावी परतलेले. शिस्तीचे, पहाटे उठून अंगण झाडणारे, प्रत्येक सणाला प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे करणारे. डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, त्यांच्या घराच्या वरच्या बांधाला. तिथल्या खांबाला कमरेच्या उंचीवर लोखंडी दांडा आहे. खाली ओढला की वाडीची लाइन तुटते, वर ढकलला की येते. "भाऊ, मी लांब असलो आन् वाऱ्यात ठिणग्या दिसल्या, तर खाली ओढा. मी सांगितलं तरच वर करा," असं तो त्यांना म्हणाला होता. नियमात हे बसत नाही, पण तालुक्यात प्रत्येक वाडीत असा एखादा माणूस असतोच. ऑफिसलाही ते माहीत असतं.

नियमाने त्या दांड्याला कुलूप लावून मगच वर चढायचं. ठेकेदाराने एक कुलूप दिलं होतं, ते खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात गंजलं. दुसरं मागितलं तर "बघू". मग आत्मारामने आपली रीत काढली. दांडा खाली ओढायचा आणि त्यावर हिरवी डहाळी अडकवायची. फणसाची, आंब्याची, जी हाताला लागेल ती. डहाळी दिसली की आत्माराम वर आहे, दांड्याला हात लावायचा नाही. वाडीतल्या बायकासुद्धा पोरांना हेच सांगायच्या. सात-आठ वर्षं ह्या डहाळीने कुलपाचं काम केलं.

त्या दिवशी नव्याची पौर्णिमा होती. कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. आश्विनात नवं भात तयार झालं की आम्ही भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूचं फूल एकत्र बांधून त्याचा झुबका करतो. त्याला नवं म्हणायचं. ते दाराला बांधतात, विहिरीला, नांगराला, देव्हाऱ्याला. हल्ली गाडीला, पंपाला, पिठाच्या चक्कीलाही. बांधलं की हात जोडायचे.

आदल्या संध्याकाळी गडगडाट होऊन एक फांदी लाइनीवर पडली होती. सकाळी वाडीत पाणी नाही, कारण पंप नाही. मुंबईहून माणसं आलेली. माझं खिरीसाठीचं खोबरं मिक्सरमध्ये न वाटताच पडून होतं. मी आत्मारामला दोनदा फोन केला. वाडीतून बारा-पंधरा फोन गेले असतील. सावित्रीने नंतर सांगितलं की तो घरच्या दाराला नवं बांधत होता, ते अर्धं टाकून निघाला.

अकराच्या सुमारास मी मागच्या दाराशी मिक्सरचं भांडं घेऊन उभी होते. तिथून डीपीचा खांब सरळ दिसतो. आत्माराम ज्या खांबावर होता तो पुढे, भेंडीच्या उंच झाडांआड, तो दिसत नाही. गंगारामभाऊ हातात परडी घेऊन बांधावरून आले. परडीत नवं होतं. खांबाशी थांबले. दांड्यावर आंब्याची डहाळी होती. त्यांनी परडी खाली ठेवली, डहाळीकडे बघून हसले, हात जोडून नमस्कार केला. मग दांडा वर ढकलला.

भांडं माझ्या हातात होतं, तरी स्वयंपाकघरात मिक्सर नुसताच गरगर फिरायला लागला. लाइन आली की कळावी म्हणून बटण मी चालूच ठेवलं होतं. आणि मग भेंडीकडून आवाज आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

कमरेच्या पट्ट्यामुळे आत्माराम खाली पडला नाही, वरच लोंबकळला. त्याला उतरवायला सगळ्यांत आधी धावले ते गंगारामभाऊच. दांडा पुन्हा खाली ओढला त्यांनी, गाडी काढायला लावली त्यांनी, रत्नागिरीपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले तेही तेच. "मला वाटलं नवं बांधलंय, मला वाटलं आत्मारामचं काम झालं, म्हणून नवं बांधून गेला," एवढंच ते बडबडत होते. आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनी ऐकलं. रत्नागिरीहून कोल्हापूरला नेलं. तिथे हात काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या सभामंडपात वाडी बसली. केरूतात्या वाडीचे प्रमुख. बायका बाहेर पायऱ्यांवर, नेहमीसारख्या.

"चौकशी येणार," केरूतात्या म्हणाले. "पोलीसही येतील. भाऊंचं वय सत्तर. ह्या वयात तेंका आत बसवायचं काय?"

"पण मुद्दाम केलं नाय त्यांनी," कुणीतरी म्हणालं.

"मुद्दाम केलं नाय ह्या तुका मका माहीत. कागदाला काय माहीत? म्हणून सांगतो, सगळ्यांनी एका लाइनीत बोलायचं. दांड्याला कोणी हात लावला, आमी बघितला नाय. लाइन वरून आली असेल. आत्मारामची भरपाई काय ती ठेकेदार देईल, विमा असतो तेंचा."

गंगारामभाऊ खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं. त्यांच्या मुलाने, सागरने, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर दोन माणसं घेऊन आले. आत्मारामने त्या दिवशी ऑफिसकडून परमिट घेतलं नव्हतं. फक्त डीपीपुरतं काम असलं की कुणीच घेत नाही, नुसता दांडा ओढून चढतात. म्हणजे त्याने दांडा खाली ओढला होता की नाही, एवढ्यावरच सगळं होतं. ओढला असेल तर तो सावध होता आणि चूक दुसऱ्याची. नसेल तर तो चालू लाइनीवर चढलेला बेफिकीर माणूस, आणि अशा माणसाला विमा मिळत नाही, परत कामही मिळत नाही.

"दांडा कोणी वर केला?" इंजिनिअरनी विचारलं.

केरूतात्या म्हणाले, "नाय बा. कोणी नाय केला."

"म्हणजे खाली नव्हताच?"

"तसा कायतरी असेल साहेब."

डहाळी तोवर सुकून खाली पडली होती. कुणाच्या तरी गाईने खाल्ली असेल. साहेबांनी लिहून घेतलं, सातजणांच्या सह्या घेतल्या. आमच्या ह्यांची पाचवी. बायकांना कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही पुढे झालो नाही.

मी रात्रीचं जेवण वाढताना ह्यांना म्हटलं, "मी बघितलंय सगळं."

"बघितलंस तर बघितलंस."

"आत्माराम कायमचा घरी बसेल."

"आणि आपण?" त्यांनी ताटावरून वर बघितलं. "कलमांच्या बागेत जायची वाट कुणाच्या जागेतून आहे, माहीत आहे ना? हंगामाला पेट्या डोक्यावरून आणणारेस तू?"

पंचाहत्तर कलमं आहेत आमची, आणि वाट खरंच भाऊंच्या जागेतून आहे.

आत्माराम दीड महिन्याने घरी आला. चौकशीचा कागद त्याच्या आधी आला होता. त्यात होतं, 'स्विच बंद न करता विद्युत वाहिनीवर चढल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. मी भेटायला गेले तेव्हा तो ओटीवर बसला होता. हाताचं काही बोलला नाही. म्हणाला, "वयनी, चौदा वर्सं झाली. एकदा तरी चालू लाइनीवर चढलो काय मी? माज्या हाताखाली शिकलेले पोर काय म्हणत असतील? म्हणत असतील, ह्या मेल्याला दांडा ओढायचा पण कळत नव्हता."

"तुला माहीत आहे ना कुणी...?"

"भाऊ हॉस्पिटलात आले व्हते. पाय धरायला लागले. मी म्हटलं, भाऊ, डहाळी दिसली नाय काय? ते म्हणाले, दिसली रे, म्हणून तर." तो हसला. कडू हसू म्हणतात ते मी तेव्हा बघितलं. "आता तेंका काय बोलू? नमस्कार करून ढकललानी."

दोन दिवसांनी सावित्री माझ्याकडे आली, कोरे फुलस्केप कागद घेऊन. वाडीतले अर्ज मीच लिहिते. शाळेचे, ग्रामपंचायतीचे, मुंबईच्या मुलांच्या दाखल्यांचे.

"वयनी, फेरचौकशीचा अर्ज करूचो हाय. तुमी मागल्या दारात व्हतात ना तवा?"

मी हो म्हटलं. नाही म्हणणं मला जमलं नाही, एवढं तरी.

"मग लिवा. हे दांडा ओढूनच चढलेले, ह्या लिवा."

मी लिहिलं. स्वच्छ, सुवाच्य, परिच्छेद पाडून. अर्जदाराने स्विच बंद केला होता, खुणेसाठी डहाळी लावली होती, असं सगळं लिहिलं. मग ते वाक्य आलं. हे बाहेर ओटीवर पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आला नाही बराच वेळ. मी लिहिलं, 'त्यानंतर कोणा अज्ञात इसमाने सदर स्विच सुरू केला'. साक्षीदार म्हणूनही कुणाचं नाव घातलं नाही. माझंही नाही.

सावित्री चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं. 'अज्ञात इसम'वर तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि "येतंय" म्हणून गेली.

उत्तर यायला फेब्रुवारी उजाडला. सावित्रीने ते मलाच वाचायला आणलं, बरोबर आत्मारामही आला. अज्ञात इसमाचा उल्लेख पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नाही, सबब पूर्वीचा अहवाल कायम. मी वाचून कागद खाली ठेवला.

"अक्षर मात्र झकास हाय तुमचं," आत्माराम म्हणाला. "ऑफिसातल्या साहेबांनी पण म्हटलानी. अर्ज कोणी लिवला, इचारत व्हते."

शिवी दिली असती तर सोसली असती. मी उठले, कपाटातून कागद काढले, तिथेच पाटावर बसून पुन्हा लिहायला घेतलं. ह्या वेळी नाव लिहिलं, वाडी लिहिली, वेळ लिहिली, परडी लिहिली, नमस्कार लिहिला. खाली साक्षीदार म्हणून माझं पूर्ण नाव आणि सही. हे दारात येऊन उभे राहिले होते.

"विचार केलायस?" त्यांनी विचारलं.

"चार महिने केला," मी म्हटलं.

आत्मारामने डाव्या हाताने सही केली. त्याला ती तेव्हा नुकतीच जमायला लागली होती. शाळेतल्या पोरासारखी, ओळ सोडून वर गेलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने रत्नागिरीला गेलो. ऑफिसात ज्यांच्या टेबलावर अर्ज गेला त्या बाईंनी तो पूर्ण वाचला. वाचताना त्यांचा चेहरा बदलला, हे मी बघितलं. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. अहवालाच्या तारखेपासून. ती डिसेंबरातच संपली." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही प्रत्यक्ष बघितलं होतंत?"

"हो."

"मग पहिल्या अर्जात का नाही लिहिलंत? पहिला अर्ज मुदतीत होता."

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण आंब्याच्या बागेची वाट त्या टेबलावर ठेवण्यासारखी नव्हती.

"घेता येणार नाय काय?" आत्मारामने विचारलं.

"आवक नोंद करून घेते. पण पुढे काही होणार नाही, खोटं कशाला सांगू." त्यांनी अर्जावर शिक्का मारला, झेरॉक्सवरही मारला, तारीख घातली आणि झेरॉक्स परत दिली.

बाहेर आल्यावर आत्मारामने ती झेरॉक्स दोनदा उघडून बघितली. सावित्री रडत होती. तो तिला म्हणाला, "गप गो. शिक्का पडला ना?"

"शिक्क्याचा काय लोणचा घालू?"

"मी दांडा ओढला व्हता, ह्या कुठंतरी लिवलेला ऱ्हायला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "वयनी, ह्याच्या आणखी एक-दोन काढूया. एक वाडीच्या फळ्यावर लावा. लोकांना वाचू दे."

आम्ही स्टँडजवळ दोन प्रती काढल्या. संध्याकाळी वाडीत पोचलो तेव्हा सभामंडपात कुणी नव्हतं. फळ्यावर उत्सवाच्या वर्गणीची यादी होती आणि पाणीपट्टीची नोटीस. मधे जागा होती. मी चार टाचण्या लावून प्रत नीट ताणून बसवली. आत्माराम लांब उभा राहून, सरळ आहे का ते बघत होता. "डावी बाजू जरा वर," म्हणाला. मी वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बागेच्या वाटेवरचं बेडं, भाऊंच्या जागेतलं ते बांबूचं फाटक, तारेने आवळून बांधलेलं होतं. हे तिथूनच घरी परत आले, चप्पल काढली आणि आत गेले. मी देवळाकडे गेले. वर्गणीची यादी होती, पाणीपट्टीची नोटीस होती. मधे चार टाचण्या.